चेंडू येत नाही तेव्हा तो काय करतो?

प्रिय ताई,

आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या व्हार्सिटी, म्हणजे मुख्य, संघात वाइड रिसीव्हर म्हणून खेळतो. उंची पाच फूट अकरा इंच, अंगानं सडपातळ, पळायला चपळ. गेल्या हंगामात त्यानं चार टचडाऊन केले, म्हणजे चेंडू घेऊन चार वेळा शेवटची रेषा गाठली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्याला एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, जायचंय. मी विचारलं, नाही जमलं तर? तर म्हणाला, "आई, तू आधीच नाही म्हणून टाकतेस." त्याचे बाबा म्हणतात, फुटबॉलपायी मार्क गेले. तो वर्गात वरच्या दहा टक्क्यांत आहे, पण ऑस्टिनच्या यूटीत, म्हणजे टेक्सास विद्यापीठात, थेट प्रवेश मिळायला वरच्या पाच टक्क्यांत असावं लागतं. रविवारची मराठी शाळा तर कधीच सुटली. ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात आपटला तेव्हा रात्रभर डोकं दुखत होतं, उजेड नको म्हणत होता. पण दोन दिवसांत बरा झाला, आणि कोचला सांगू नकोस म्हणाला म्हणून मी काही बोलले नाही. आता एक खासगी रिक्रूटिंगवाला कॉलेजांपर्यंत व्हिडिओ पोचवायचे दोन हजार डॉलर मागतोय. सांगलीहून सासूबाई रोज विचारतात, असलं खेळून पोट भरतं का? मला तरी कुठे माहीत आहे? हे करिअर असतं तरी कसं? त्याला थांबवू का?

एक आई, फ्रिस्को


प्रिय आई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही मराठी शाळा आणि दोन हजार डॉलर यांच्या मध्ये दोन ओळींत उरकलीत. आपटल्यानंतर रात्रभर डोकं दुखणं, उजेड सहन न होणं ही कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, अगदी ठरलेली लक्षणं आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण डॉक्टर तुम्हीही नाही, तुमचा लेकही नाही, आणि त्या रात्री निदान मात्र तुम्ही दोघांनीच करून टाकलंत.

टेक्सासात यासाठी २०११ पासून कायदा आहे. शाळेच्या खेळात कन्कशनचा संशय आला की मुलाला ताबडतोब मैदानाबाहेर काढायचं, आणि डॉक्टरांनी तपासून लेखी दिल्याशिवाय, पालकांनी सही केल्याशिवाय पुन्हा उतरवायचं नाही. ऑगस्टमध्ये शाळेनं पाठवलेल्या कागदांच्या ढिगात तुम्ही यावरही सही केली असणार. कायद्याची भीती घालायला हे सांगत नाहीये. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर वाढत्या वयातल्या मेंदूला तो फार महागात पडू शकतो, क्वचित जिवावरही बेततो. ऑक्टोबरनंतर तो पुढच्या शुक्रवारी खेळला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक खेळला असावा.

तेव्हा बाकी काही ठरवण्याआधी मुलांच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि ऑक्टोबरमधलं सगळं, लपवल्यासकट, सांगा. शाळेचा जो अॅथलेटिक ट्रेनर असतो त्यालाही सांगा. तो कोचपेक्षा वेगळा माणूस आहे आणि त्याचं कामच हे आहे. घरात एकच नियम करा: डोक्याचं काही लपवलं तर त्या दिवशी हेल्मेट परत. पायाचं, खांद्याचं, बोटांचं त्यानं लपवलं तर रागवा, पण डोक्याच्या बाबतीत घासाघीस नाही. आणि हा नियम तुम्हालाही लागू आहे. "कोचला सांगू नकोस" असं तो पुन्हा म्हणाला तर त्याचा रुसवा सोसायची तयारी ठेवा.

आता करिअरचं.

वाइड रिसीव्हर म्हणजे चेंडू झेलणारा, असं आपण टीव्हीवर बघून समजतो. एनएफएलच्या एका सामन्यात एका संघाच्या आक्रमणाचे साधारण साठ-पासष्ट डाव होतात. त्यात नामांकित रिसीव्हरकडे दहाएक वेळा चेंडू फेकला जातो, त्यातले सहा-सात तो झेलतो. संघातला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा रिसीव्हर असेल तर दोन-तीन झेलांवर त्याचा रविवार संपतो. उरलेल्या पन्नास डावांत तो पूर्ण वेगानं असे मार्ग पळतो जे कुणी बघत नाही. बचावपटूला आपल्यामागे ओढून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करतो. पळणाऱ्या साथीदारासाठी आपल्यापेक्षा दणकट माणसाला अंगावर घेतो. त्यानं सगळं बिनचूक केलं तरी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वेळ मिळाला पाहिजे, त्यानं याच्याकडे बघितलं पाहिजे, आणि फेक नेमकी पडली पाहिजे. इतक्या माणसांवर अवलंबून असलेली जागा या खेळातही कमीच असेल. तुमच्या मुलाचे चार टचडाऊन कौतुकाचेच आहेत, पण पुढच्या पायरीवर बसलेला कोच ते चार डाव बघून झाल्यावर बाकीची फिल्म लावतो.

आकडे एकदाच सांगते, कारण तुमच्या घरात ते रोज फेकले जात असणार. देशभरात शाळांतून दहा लाखांच्या वर मुलं फुटबॉल खेळतात. कॉलेजात, सगळे स्तर धरून, सत्तर हजारांहून जास्त. कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी एनएफएलपर्यंत पोचणारे दोन टक्क्यांहूनही कमी. शाळेतून निघाल्यावर किमान तीन वर्षं गेल्याशिवाय ड्राफ्टला, म्हणजे एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, बसताच येत नाही. एप्रिलमधल्या त्या ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत साधारण अडीचशे मुलं निवडली जातात, त्यात वाइड रिसीव्हर तिसेक. बत्तीस संघ, प्रत्येकाच्या यादीत त्रेपन्न खेळाडू, त्यात रिसीव्हर पाच-सहा, फार तर सात. म्हणजे अख्ख्या देशात या नोकरीच्या जागा दोनशेच्या आसपास, आणि त्यातल्या बहुतेक आधीच भरलेल्या.

ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही. उन्हाळ्यात प्रत्येक संघ नव्वद जण घेऊन सराव सुरू करतो आणि ऑगस्टअखेर त्रेपन्नवर येतो. देशभरात हजाराहून जास्त तरुण एका झटक्यात रिकामे होतात. त्यातल्या काहींना 'प्रॅक्टिस स्क्वॉड'वर ठेवतात: आठवडाभर सराव करायचा, समोरच्या संघाचा रिसीव्हर असल्याचं सोंग घेऊन आपल्याच बचावपटूंना तयार करायचं, आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यात बसायचं. २०२५ च्या हंगामात याचे आठवड्याला १३,००० डॉलर मिळत होते. ऐकायला बरे वाटतात, पण हे आठवडे वर्षात अठरा, आणि नोकरी मंगळवारी आहे तर शुक्रवारी नाही.

मुख्य यादीतल्या नवख्याला २०२५ मध्ये किमान ८ लाख ४० हजार डॉलर होते. मध्येच काढलं तर पुढच्या आठवड्यांचे सहसा मिळत नाहीत. खेळाडूंची संघटना जी सरासरी कारकीर्द सांगते ती साडेतीन वर्षांच्याही आतली आहे. पेन्शनसाठी तीन हंगाम पुरे व्हावे लागतात, आणि कितीतरी जण त्याच उंबऱ्यावर अडतात. एजंटचे तीन टक्क्यांपर्यंत जातात, कर जातो, उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चानं ठेवलेला ट्रेनर असतो. सासूबाईंना सांगा, पोट भरतं, पण पंचविशीत कमावलेलं पन्नाशीपर्यंत पुरवायचं असतं.

शिखरावरचे आकडे तुमच्या मुलाला तोंडपाठ असतील. जस्टिन जेफरसनला २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनं चार वर्षांचे १४ कोटी डॉलर दिले, पुढच्याच वर्षी जमार चेसला सिनसिनाटी बेंगल्सनं १६ कोटी १० लाख. हे खरं आहे. पण करारातली सगळी रक्कम हमीची नसते हेही त्याला विचारा. माहीत असेल तर मुलगा नुसता स्वप्नात नाही, कागदही वाचतोय.

एका बाबतीत मी तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध आणि मुलाच्या बाजूनं आहे. त्याची उंची, वजन, वेग बघून "हा कुठला पोचतोय" असं कुणी म्हणत असेल तर या जागेचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. इंडियानापोलिसला ड्राफ्टआधी जी चाचणी होते, तिथे २०१७ मध्ये जॉन रॉस चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम. नवव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. २००३ मध्ये अँक्वान बोल्डिन त्याच चाचणीत इतका मंद पळाला की लोकांनी माना हलवल्या. तो दुसऱ्या फेरीत गेला, पहिल्याच सामन्यात त्यानं झेलांतून २१७ यार्ड अंतर मिळवलं, आणि पुढे चौदा हंगाम खेळून हजारावर झेल घेतले. पुका नाकुआला २०२३ मध्ये पाचव्या फेरीपर्यंत, १७७ व्या क्रमांकापर्यंत कुणी विचारलं नाही. त्याच हंगामात त्यानं १,४८६ यार्ड काढून नवख्यांचा विक्रम केला. जाणकार म्हणवणारे लोक करोडो डॉलर पणाला लावूनही या जागेबाबत वारंवार चुकतात. तेव्हा तुम्ही-आम्ही स्वयंपाकघरात बसून सोळाव्या वर्षी निकाल देऊ नये.

अॅडम थीलनची गोष्ट मात्र त्याच्याबरोबर बसून वाचा. मिनेसोटातल्या मँकाटोच्या कॉलेजात, दुसऱ्या स्तरावर खेळलेला मुलगा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही. व्हायकिंग्जच्या सरावाला नुसती चाचणी द्यायला गेला, पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर काढलं. दुसऱ्या वर्षी यादीत आला तो मुख्यतः किकऑफ आणि पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेनं समोरच्या संघाकडे मारतात तेव्हा, धावायला, ज्याला 'स्पेशल टीम्स' म्हणतात. त्या वर्षी त्यानं समोरच्याचा पंट अडवून टचडाऊन केला, आणि रिसीव्हर म्हणून त्याला खरी जागा मिळायला २०१६ उजाडलं. २०१८ मध्ये हंगामाच्या पहिल्या आठही सामन्यांत त्यानं शंभर किंवा जास्त यार्ड मिळवले. आपल्या मुलांना या गोष्टीचा शेवट आवडतो. मी म्हणते मधली तीन वर्षं वाचा.

याहून विचित्र, आणि मला जास्त आवडणारं नाव मॅथ्यू स्लेटरचं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या यादीत तो वाइड रिसीव्हर म्हणून नोंदलेला. सोळा हंगाम खेळला, तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकला, दहा वेळा प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. आणि सोळा वर्षांत त्याच्या नावावर झेल किती? एक. किकऑफच्या वेळी सगळ्यात आधी पळत जाऊन समोरच्याला पाडणं, हे काम त्यानं इतकं चोख केलं की संघानं त्याला सोडलं नाही. जी मुलं चेंडू येण्याची वाट बघत उभी राहतात ती ऑगस्टमध्ये घरी जातात. ज्यांना चेंडूवाचूनही काम सापडतं, त्यांच्यासाठी यादीत पाचवी-सहावी जागा असते.

म्हणून पुढच्या हंगामात तुम्ही एक करा. दर शुक्रवारी जाताच असाल, पण तेव्हा सगळ्यांची नजर चेंडूवर असते. एका सामन्यात चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. दुसऱ्या बाजूला डाव चाललाय तेव्हा तो पळतोय की रेंगाळतोय? साथीदार पळत येतोय तेव्हा समोरच्याला अडवतो की हात लावल्यासारखं करतो? मोकळा होता आणि तरी चेंडू आला नाही, तर हात वर करून क्वार्टरबॅकवर चिडतो का? दुसऱ्यानं टचडाऊन केला तर त्याच्याकडे पहिला कोण पोचतो? खेळ फारसा कळत नसला तरी हे तुम्हाला दिसेल, आणि व्हिडिओ कापून विकणाऱ्या माणसापेक्षा तुम्हाला तुमच्या मुलाबद्दल जास्त समजेल. नंतर गाडीत त्याला टचडाऊनचं विचारू नका. "तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू त्या चोवीस नंबरला पाडलंस, ते काय होतं?" असं विचारा. तो कसा खुलतो ते बघा.

दुखापतींबद्दल मी गोड बोलणार नाही. १९७८ च्या ऑगस्टमध्ये, हंगामाआधीच्या एका सराव सामन्यात पेट्रियट्सचा रिसीव्हर डॅरिल स्टिंगली उंच आलेल्या चेंडूसाठी झेपावला आणि समोरून टक्कर बसली. वय सव्वीस. तो पुन्हा चालला नाही. झेलण्याच्या क्षणी रिसीव्हर स्वतःला वाचवू शकत नाही, म्हणून आता अशा वेळी डोक्यावर, मानेवर धडकण्याला दंड आहे आणि खेळ तेव्हापेक्षा बराच सावध झाला आहे. पण वेग तोच आहे. डेमेरियस थॉमस २०२१ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी गेला, व्हिन्सेंट जॅक्सन त्याच वर्षी अडतिसाव्या. दोघेही नावाजलेले रिसीव्हर. मृत्यूनंतर बॉस्टन विद्यापीठात तपासणी झाली तेव्हा दोघांच्याही मेंदूत सीटीई, म्हणजे मेंदू झिजत जाण्याचा आजार, सापडला. हा आजार जिवंतपणी खात्रीनं ओळखता येत नाही. तो एका मोठ्या धडकेपेक्षा वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जातो, आणि जितकी वर्षं जास्त खेळाल तितका धोका वाढतो असं त्यावर काम करणारे सांगतात. शाळेत खेळलेल्या प्रत्येक मुलाला हे होतं असं मुळीच नाही. पण "दहा वर्षं खेळून बघू" आणि "दोन वर्षं खेळून बघू" यांत फरक आहे, आणि तो त्यालाही कळायला हवा. सोळाव्या वर्षी कळतो, सांगणाऱ्यानं घाबरवण्यासाठी सांगितलं नाही तर.

मग थांबवू का? माझं उत्तर: डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर थांबवू नका. शाळेचा एकच हंगाम उरलाय. या वयात सक्तीनं सोडवलेला खेळ मुलं पंचविशीत आईवडिलांच्या नावावर लिहितात, आणि मनातल्या मनात ते एनएफएलमध्ये खेळून निवृत्तही झालेले असतात. त्यापेक्षा मैदानाला ठरवू द्या. मैदान आईपेक्षा कठोर असतं आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

तुम्हाला खरोखर जे ठरवायचंय ते एनएफएल नाहीच. ठरवायचंय ते कॉलेज. आणि तिथे मी अगदी हट्टी आहे. पहिल्याच दिवशी सरावात गुडघा गेला आणि फुटबॉल संपला, तरी चार वर्षं आनंदानं शिकावंसं वाटेल असंच कॉलेज निवडायचं. अँथनी गोन्झालेझ हा ओहायो स्टेटचा रिसीव्हर २००७ मध्ये पहिल्या फेरीत इंडियानापोलिस कोल्ट्सनं घेतला. यापेक्षा वर काय हवं? दोन हंगाम छान गेले, तिसऱ्याच्या पहिल्या सामन्यात गुडघा दुखावला, आणि सत्ताविशीपर्यंत सगळं आटोपलं. त्यानंतर तो स्टॅनफर्डला एमबीएला गेला, पुढे ओहायोतून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आला. हे जमलं कारण कॉलेजात तो नुसताच पळत नव्हता. लॅरी फिट्झजेराल्डसारख्या सतरा हंगाम खेळलेल्या दिग्गजानंही आईला दिलेल्या शब्दाखातर २०१६ मध्ये, खेळत असतानाच, पदवी पुरी केली. आई तोवर हयात नव्हती.

कॉलेजचं जगही गेल्या काही वर्षांत पार बदललंय, आणि रिक्रूटिंगवाले ते सांगत नाहीत. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं. २०२५ पासून मोठी विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देतात. मुलं संघ बदलत फिरतात, त्यामुळे पुष्कळ कोच शाळेतून कच्चा मुलगा घेण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं तयार झालेला घेणं पसंत करतात. बड्या संघांत आता १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय "नुसता सामील होतो" म्हणणाऱ्यांच्या जागा कमी झाल्या. ऑस्टिनच्या यूटीत अभ्यासावर शिरणं आणि तिथल्या फुटबॉल संघात शिरणं या दोन वेगळ्या डोंगरांच्या दोन चढणी आहेत. पहिली चढला म्हणून दुसरी सोपी होत नाही.

पण याच्याखाली एक अख्खं जग आहे जे आपल्या मंडळींना माहीतच नसतं. तिसऱ्या स्तरावरची कॉलेजं, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते पण फुटबॉल मनापासून खेळतात. शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन या सगळ्यांचे संघ आहेत. एमआयटीचासुद्धा आहे, हे तुमच्या नवऱ्याला जेवताना सांगा आणि चेहरा बघा. तुमच्या टेक्सासात सॅन अँटोनिओचं ट्रिनिटी आहे. आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातही खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण पेन विद्यापीठाचा जस्टिन वॉटसन तिथूनच २०१८ मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे दोन वेगवेगळ्या संघांतून तीन सुपर बोल जिंकलेल्या यादीत होता, तोही वाइड रिसीव्हर म्हणूनच. वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या आणि बरा खेळणाऱ्या मुलाला अशा ठिकाणचे कोच स्वतःहून दार उघडतात. म्हणजे बाबांना ज्या मार्कांची काळजी आहे ते मार्क हेच त्याचं फुटबॉलमधलं भांडवल आहे. हे वाक्य बाबांकडून नको, कोचकडून त्याच्या कानावर पडू द्या.

बाबांना आणखी एक. मार्क फुटबॉलपायी गेले हे मला पटत नाही. फ्रिस्कोच्या शाळांत वरच्या पाच टक्क्यांत यायला काय लागतं हे तिथल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. फुटबॉल न खेळणारी हुशार मुलंही तिथे सहाव्या-सातव्या टक्क्यावर राहतात. हंगाम संपल्यावरचे मार्क आणि हंगामातले मार्क शेजारी ठेवून बघा. फरक दिसला नाही तर ही तक्रार बंद करा. आणि मैदानावर आपल्यासारखी माणसं नसतात असं त्यांना वाटत असेल तर भारतीय वंशाचे संजय लाल हे नाव सांगा. रेडर्स, जेट्स, काउबॉईज, सीहॉक्स अशा संघांच्या वाइड रिसीव्हरांना शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय. या खेळातलं करिअर म्हणजे खेळणंच असतं असं नाही, पण हे आत्ता मुलाला सांगू नका. आत्ता त्याला ते हरल्यासारखं वाटेल.

दोन हजार डॉलर? देऊ नका. शाळेच्या सामन्यांची फिल्म बहुधा हुडल या व्हिडिओंच्या साइटवर असतेच, ती कोचना दाखवायला दलाल लागत नाही. मुलानं स्वतः पंधरा-वीस कॉलेजांच्या रिसीव्हर-कोचना पत्र लिहावं, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, मार्कांचा कागद, शाळेच्या कोचचा फोन नंबर. त्यात चार टचडाऊन असू देत, पण दोन चांगले ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवलेले डावही, असू देत. वाचणाऱ्याला तेवढ्यावरून मुलगा कळतो. उन्हाळ्यात ज्या दोन-तीन कॉलेजांत त्याला खरंच जायचंय त्यांच्याच कॅम्पला पाठवा. शाळेच्या कोचला भेटून सरळ विचारा, "कुठल्या स्तरावर खेळेल असं तुम्हाला वाटतं?" आईला ते सौम्य करून सांगतील, म्हणून मुलालाही बरोबर न्या आणि दोन कॉलेजांची नावं मागा. ज्या कॉलेजांतून अजून एकही उत्तर आलं नाही त्यांची यादी पुढच्या ऑक्टोबरात बघा. ती काय सांगते ते त्याला तुम्ही सांगावं लागणार नाही.

राहिला एक रुक्ष मुद्दा, पण यावर भल्याभल्या मुलांची गाडी अडते. पहिल्या स्तरावर खेळायला एनसीएएनं, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, ठरवलेले १६ मुख्य विषय लागतात, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पुरे व्हावे लागतात, आणि त्या विषयांत किमान २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. तुमच्या मुलाला जीपीएची अडचण नाही, पण विषय मोजून घ्या, कारण शाळेचे सगळेच विषय त्यात धरले जात नाहीत. याच आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरला ईमेल टाका. एनसीएएच्या पात्रता केंद्रावर नाव नोंदवायला सुरुवातीचं प्रोफाइल फुकट आहे. ते त्यानं स्वतः भरायचं, तुम्ही नाही.

तुमची,
ताई